पहिलं विमान उडालं, त्याच्या तीन दिवस आधी

दोस्तांनो, सामान्यज्ञानाच्या परीक्षेत हमखास येणारा एक प्रश्न आहे. पहिलं विमान कुणी आणि कधी उडवलं? तुम्ही क्षणाचाही विचार न करता लिहिता, राइट बंधूंनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी. झालं, पैकीच्या पैकी मार्क! पण १४ डिसेंबर १९०३ ला काय घडलं, असा प्रश्न कधी आलाय का? येत नाही. कारण त्या दिवशी तेच विमान वर चढलं आणि साडेतीन सेकंदांत वाळूत आपटलं. आपटलेल्या विमानांवर प्रश्न कोण काढणार? म्हणून म्हटलं, आज आपणच त्या सोमवारची गोष्ट बघू या. त्या आपटण्यामागे विज्ञान तर आहेच, शिवाय एका भावाचं इतिहासातलं पहिलं नाव त्यात हुकलं, हेही आहे.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. विल्बर आणि ऑर्व्हिल राइट हे कुठल्या मोठ्या कारखान्याचे इंजिनियर नव्हते. अमेरिकेतल्या डेटन गावात त्यांचं सायकलींचं दुकान होतं. कॉलेजची पदवी दोघांकडेही नव्हती. त्यांनी विमान बांधलं ते हौसेनं, स्वतःच्या खिशातले पैसे घालून. स्प्रूसच्या लाकडाचा सांगाडा, त्यावर सुती कापड. हे कापड शिवणयंत्रावर घरीच शिवलेलं, आणि शिवणारा कोण? स्वतः विल्बर! इंजिनही बाजारात मिळेना, तेव्हा दुकानातला कारागीर चार्ली टेलर यानं ते सहा आठवड्यांत बनवून दिलं. ताकद सुमारे १२ अश्वशक्ती. आज आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या कितीतरी मोटारसायकलींचं इंजिन याच्यापेक्षा दांडगं असतं. सगळं मिळून विमानाचं वजन २७४ किलो आणि खर्च १००० डॉलरच्या आत. म्हणजे आज ज्याला 'घरी बांधलेलं हलकं विमान' म्हणतात ना, तेच हे! जगातलं पहिलं यशस्वी विमान हे हौशी माणसांनी बांधलेलं होतं.

त्याच वेळी सॅम्युएल लँगली नावाचे मोठे नामवंत शास्त्रज्ञ सरकारकडून ५०,००० डॉलर घेऊन विमान बनवत होते. त्यांचं यंत्र ७ ऑक्टोबरला एका तरंगत्या घराच्या छतावरून सोडलं, ते सरळ पोटोमॅक नदीत गेलं. ८ डिसेंबरला पुन्हा सोडलं, पुन्हा नदीत. वर्तमानपत्रांनी इतकी थट्टा केली की विचारू नका.

राइट बंधूंनी जागा निवडली होती समुद्रकाठची. नॉर्थ कॅरोलिनातलं किटी हॉक हे लहानसं गाव, त्याच्याजवळ किल डेव्हिल हिल नावाची वाळूची टेकडी. तिथं वारा भरपूर, माणसं कमी आणि पडलं तर खाली मऊ वाळू. बघा, पडण्याचा विचार त्यांनी आधीच केलेला होता! सप्टेंबरच्या शेवटी दोघं तिथं पोचले, पण काम काही पुढं सरकेना. पंखे फिरवणारे दांडे तडकले. नवे पोलादी दांडे बनवायला ऑर्व्हिल पार डेटनला गेला आणि ते घेऊन ११ डिसेंबरला परत आला. १२ तारखेला वारा पडलेला. १३ तारखेला वारा छान होता, पण तो रविवार. त्यांचे वडील बिशप होते आणि रविवारी काम करायचं नाही असा घरचा नेम होता. बघणारं कुणी नव्हतं, तरी दोघं दिवसभर हातावर हात ठेवून बसले. तुम्ही असता तर थांबला असता? मला तरी स्वतःची खात्री देता येत नाही!

सोमवार उजाडला. वारा पुन्हा मंद. सपाट जमिनीवरून विमान उचलेल इतका तो नव्हता, म्हणून दोघांनी ठरवलं की टेकडीच्या उतारावरून सोडायचं. विमानाला चाकं नव्हती बरं का! खाली लाकडाच्या दोन लांब घसरपट्ट्या होत्या, बर्फावरच्या घसरगाडीला असतात तशा. म्हणून जमिनीवर ६० फूट लांबीचा लाकडी रूळ टाकायचा, त्यावर एक छोटा गाडा ठेवायचा आणि गाड्यावर विमान. गाड्याची चाकं सायकलच्या तुंब्यांची, दुकानदार सायकलवाले ना! या इवल्याशा रुळाला त्यांनी गमतीनं नाव दिलं होतं 'ग्रँड जंक्शन रेल्वे'.

जवळच जहाजं बुडाली तर माणसांना वाचवणाऱ्या पथकाची चौकी होती. ठरलेली खूण केल्यावर तिथली माणसं मदतीला आली. त्यांच्याबरोबर दोन लहान मुलं आणि एक कुत्राही होता. इंजिन धडधडायला लागलं मात्र, मुलांनी जी धूम ठोकली ती टेकडीपलीकडे! बिचाऱ्यांनी काय गमावलं हे त्यांना त्या वेळी कसं कळणार?

आता प्रश्न आला, पहिल्यांदा कोण बसणार? दोघांनी छापा-काटा केला. नाणं विल्बरच्या बाजूनं पडलं. तो तेव्हा ३६ वर्षांचा होता, ऑर्व्हिल ३२ चा. विल्बर खालच्या पंखावर पालथा झोपला. बसायला खुर्चीबिर्ची नव्हती. डाव्या हाताशी एक दांडा, तो पुढच्या सुकाणूचा. हे सुकाणू आजच्या विमानांसारखं शेपटीला नव्हतं, पंखांच्या पुढं होतं. दांडा फिरवला की विमानाचं नाक वर किंवा खाली व्हायचं.

ऑर्व्हिल पंखाचं टोक धरून शेजारी पळायला लागला. पण उतारामुळे विमानानं असा वेग घेतला की ३५-४० फुटांत तो मागंच राहिला. विमान रुळावरून उठलं. विल्बरनं नाक वर केलं, आणि जरा जास्तच वर केलं. विमान १५ फुटांपर्यंत चढलं, वेग मंदावला, जागच्या जागी अडल्यासारखं झालं आणि खाली यायला लागलं. डावा पंख आधी वाळूला टेकला. त्यासरशी विमान गर्रकन फिरलं, घसरपट्ट्या वाळूत रुतल्या, एक मोडली आणि पुढच्या सुकाणूचे काही भागही मोडले. विल्बरला काही झालं नाही. हवेत राहण्याचा वेळ, साडेतीन सेकंद. अंतर, १०५ फूट. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची असते, तेव्हा दीड खेळपट्टीपेक्षा थोडं जास्त.

नाक वर केलं तर विमान वर जायला हवं. मग खाली का आलं? घरी टेबलफॅन असेल तर एक प्रयोग करा. पंख्याच्या जाळीपासून दोन हात लांब उभे राहा. वहीचा पुठ्ठा वाऱ्यात आडवा धरा आणि त्याची पंख्याकडची कड अगदी थोडी वर करा. पुठ्ठा वर उचलला जातोय असं हाताला जाणवेल. आणखी थोडी वर करा, उचल आणखी वाढेल. आता कड खूप वर करा. पुठ्ठा वर जाण्याऐवजी तुमच्या अंगावर मागं ढकलला जाईल. विमानाच्या पंखाचंही असंच असतं. ठरावीक तिरकेपणापर्यंत हवा पंखाच्या पाठीला धरून वाहते आणि पंख विमानाला उचलतो. त्यापुढं गेलं की हवा पाठीवरून सुटते, तिचे भोवरे होतात, उचल एकदम कमी होते. वैमानिक याला 'स्टॉल' म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, इंजिन बंद पडलं. पण तसं नाही. इंजिन चालूच असतं, बंद पडतं ते पंखाचं काम. विल्बरचं इंजिनही जोरात चालू होतं.

शिवाय ते पुढचं सुकाणू फार चंचल होतं. थोडं फिरवलं की स्वतःहून आणखी फिरायचं. सायकल शिकताना हँडल जरा वळवावं आणि ते भसकन वळावं, तसं. आणि विल्बरला या विमानाचा सराव किती? शून्य! त्याच्या हाताला सवय होती आधीच्या बिनइंजिनाच्या ग्लायडरची. त्यावर दोघांनी शेकडो उड्या मारल्या होत्या. पण ग्लायडर वेगळा आणि हे वेगळं.

आता आपटण्याचं गणित बघू. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून खाली उडी मारताना तुम्ही गुडघे वाकवता की नाही? कुणी शिकवलं नसतं, तरी वाकवता. (ताठ गुडघ्यांनी मारून बघू नका हं, आई मला पत्र लिहील!) पायरी साधारण ८-९ इंचांची. तेवढ्यावरून पडणाऱ्या वस्तूचा वेग जमिनीशी येईतो सेकंदाला ७ फूट होतो. दीड फुटांवरून, म्हणजे खुर्चीच्या उंचीवरून पडलं तर सेकंदाला १० फूट. हे आकडे मी उगाच निवडलेले नाहीत. अमेरिकेत लहान विमानांसाठी बरीच वर्षं जे नियम वापरले गेले, त्यात चाकं आणि त्यांचे पाय सेकंदाला ७ ते १० फूट या वेगानं खाली येण्याचा धक्का सोसतील असे असावेत, असं म्हटलं होतं. म्हणजे विमानाची ताकद पायरीवरून किंवा फार तर खुर्चीवरून उडी मारण्याइतकी! त्यापेक्षा जोरात आलं तर ते मोडू शकतं.

आणि गुडघ्यांचं काम काय? समजा दीड फूट, म्हणजे १८ इंचांवरून पडलेली वस्तू अर्ध्या इंचात थांबली. तर तिला थांबवताना बसणारा जोर तिच्या वजनाच्या सुमारे ३७ पट होतो. तीच वस्तू ९ इंचांत हळूहळू थांबवली तर तिप्पटच. थांबायला जागा मिळाली की जोर कमी होतो. म्हणून आजच्या विमानांच्या चाकांना वाकणारे पोलादी पाय, रबर किंवा तेलाचे दट्टे लावतात. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागं नेतात, ते याच कारणानं. राइट बंधूंच्या विमानाला यातलं काही नव्हतं, त्याला होती फक्त वाळू. वाळू मऊ खरी, पण तिच्यात एक खोड आहे. ती घसरपट्टीला धरून ठेवते. खाली येण्याचा धक्का तिनं सोसला, पण पुढं जाणं एकदम थांबवलं, आणि लाकूड मोडलं ते त्या झटक्यानं.

पुढं काय झालं ते मला या गोष्टीत सर्वांत आवडतं. दुसऱ्या दिवशी घरी तार गेली. तिचा मतलब असा होता की सुरुवातीला अंदाज चुकला म्हणून उड्डाण छोटं झालं, ताकद आणि ताबा दोन्ही भरपूर आहे, मोडलंय ते फक्त सुकाणू, यश नक्की, पण कुठं बोलू नका. वडिलांना लिहिलेल्या पत्रात विल्बरनं कारणही सरळ सांगून टाकलं. या यंत्राचा आणि अशा पद्धतीनं सुरुवात करण्याचा अनुभव नसल्यानं आपल्या हातून किरकोळ चूक झाली, असं. वारा वाईट होता म्हटलं नाही, भावानं पंख नीट धरला नाही म्हटलं नाही.

आणि अशा वेळी कुणीही केलं असतं, ते त्यांनी केलं नाही. विमान रुळावरून उठलं होतं. १०५ फूट गेलं होतं. पाच माणसं बघत होती. 'आम्ही उडालो' असं जाहीर करायला काय हरकत होती? पण दोघांनी हे खरं उड्डाण म्हणून मोजलंच नाही. उतारावरून सुटलेलं, ताबा सुटून खाली आलेलं, ते उड्डाण कसलं? विमान स्वतःच्या ताकदीनं सपाट जमिनीवरून उठलं पाहिजे, वेग कमी न होता पुढं गेलं पाहिजे आणि जिथून निघालं तितक्याच उंचीच्या जागी उतरलं पाहिजे, अशी त्यांची कसोटी होती. ती त्यांनी स्वतःलाच लावली आणि स्वतःच नापास झाले.

मंगळवार आणि बुधवार दुरुस्तीत गेले. बुधवारी दुपारी विमान तयार झालं, तर वारा नाही. गुरुवारी, १७ डिसेंबरला, डबक्यांवर बर्फ धरला होता आणि वारा ताशी ३५-४० किलोमीटरनं घोंघावत होता. आता पाळी कुणाची? विल्बरची पाळी सोमवारी होऊन गेली होती. मग ऑर्व्हिल विमानावर चढला. १० वाजून ३५ मिनिटांनी विमान उठलं, १२ सेकंद हवेत राहिलं, १२० फूट गेलं. सोमवारपेक्षा फक्त १५ फूट जास्त! पण हे उड्डाण कसोटीला उतरलं. म्हणून पुस्तकात पहिला वैमानिक म्हणून ऑर्व्हिलचं नाव येतं. नाणेफेक जिंकली विल्बरनं, मान मिळाला ऑर्व्हिलला. विल्बर या गोष्टीवर कधी कुरकुरला असं कुठं वाचायला मिळत नाही.

त्या दिवशी आणखी तीन उड्डाणं झाली. चौथं विल्बरचं, ५९ सेकंदांचं, ८५२ फुटांचं. जवळजवळ १३ खेळपट्ट्या! पण ते कसं संपलं माहितीये? विमान वरखाली हेलकावे खाऊ लागलं, एका हेलकाव्यात जमिनीवर आपटलं आणि पुढच्या सुकाणूचा आधार मोडला. म्हणजे इतिहासातल्या त्या थोर दिवसाचा शेवटही आदळण्यानंच झाला. तेवढ्यानं संपलं नाही. सगळे उभे राहून बोलत असताना वाऱ्याचा झोत आला आणि त्यानं उभं विमान उलटंपालटं केलं. चौकीवरचे जॉन डॅनियल्स ते धरायला धावले आणि तारांमध्ये अडकून त्याच्याबरोबर गडगडले. नशीब, खरचटण्यावर निभावलं. पहिल्या उड्डाणाचा तो जगप्रसिद्ध फोटो यांनीच काढला होता. ते विमान मात्र पुन्हा कधी उडालं नाही.

ते चंचल सुकाणू त्यानंतरही त्रास देतच राहिलं. डेटनजवळच्या गवताळ रानात १९०४ आणि १९०५ मध्ये किती वेळा विमान आदळलं असेल! १४ जुलै १९०५ ला ऑर्व्हिल फार जोरात आदळला. तेव्हा दोघांनी काम थांबवलं, सुकाणू मोठं केलं आणि पंखांपासून आणखी पुढं नेऊन बसवलं. ५ ऑक्टोबर १९०५ ला विल्बर त्याच विमानातून गोल गोल फिरत ३९ मिनिटं उडत राहिला, जवळजवळ ३९ किलोमीटर. आणि न मोडता उतरला!

दोस्तांनो, घरी विमान बांधणारी माणसं आजही आहेत, आणि थोडीथोडकी नाहीत. अमेरिकेत १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी अशा हौशी मंडळींची संघटना काढली. ऑशकॉश गावात दर उन्हाळ्यात त्यांची जत्रा भरते आणि हजारो विमानं उतरतात. तिथला नियम असा की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं स्वतः केलेलं हवं. मग सरकारी तपासनीस येऊन बघून जातो. विमानावर 'एक्सपेरिमेंटल', म्हणजे 'प्रायोगिक', असं ठळक लिहावं लागतं. सुरुवातीचे साधारण २५ ते ४० तास ठरलेल्या हद्दीतच उडायचं आणि प्रवासी घ्यायचा नाही. चुलतभाऊ कितीही रडला तरी नाही!

आपल्याकडचं उदाहरण हवं? मुंबईत कांदिवलीला कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. हो, गच्चीवर! २०१६ च्या फेब्रुवारीत ते भाग सुटे करून खाली आणलं आणि मुंबईतल्या प्रदर्शनात मांडलं, तेव्हा लोक बघतच राहिले. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये त्याची सरकारदरबारी नोंद झाली आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची उड्डाण-चाचणी झाली. या तारखा जरा मोजून बघा. विमान बांधायला जितका धीर लागतो, तितकाच कागदांनाही लागतो.

असं विमान पहिल्यांदा उडवणं म्हणजे विल्बरचाच सोमवार. २०१२ साली अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं घरगुती विमानांच्या अपघातांचा मोठा अभ्यास केला. त्यात दिसलं की अपघात सुरुवातीच्या उड्डाणांतच फार होतात. बांधणाऱ्याच्या बाबतीत तर होतातच, पण दुसऱ्यानं बांधलेलं विमान विकत घेऊन पहिल्यांदा उडवणाऱ्याच्या बाबतीतही होतात. विमान चांगलं असतं, वैमानिकही चांगला असतो, दोघांची ओळख झालेली नसते.

आणि उतरण्याची वेळ ही सगळ्यात कसोटीची. विमान उतारावरून आल्यासारखं खाली येत असतं. जमिनीपासून थोडंसं वर असताना वैमानिक हळूच नाक उचलतो, म्हणजे खाली येणं मंदावतं आणि चाकं अलगद टेकतात. नाक उशिरा उचललं तर धडाम. फार लवकर उचललं तर विमान १०-१५ फुटांवर अधांतरी राहतं, वेग संपतो आणि मग तोच आपला स्टॉल. कधी चाकं टेकून विमान चेंडूसारखं उसळतं. घाबरून वैमानिक नाक खाली दाबतो, मग पुढचं चाक आपटतं, विमान आणखी उंच उसळतं, तो पुन्हा दाबतो. दोन-तीन उसळ्यांत पुढचं चाक मोडून पंखा जमिनीत घुसतो. अनुभवी वैमानिक उसळी मोठी दिसली की इंजिनाला पूर्ण जोर देतात, पुन्हा वर जातात, एक चक्कर मारतात आणि नव्यानं उतरतात. यात कमीपणा कसला? चुकलेलं गणित खोडून नव्या पानावर करावं, तसं ते आहे. पण खाली मित्रमंडळी कॅमेरे घेऊन उभी असली की पुन्हा वर जायला मन धजत नाही म्हणतात!

खरी परीक्षा तर नंतरच असते. समजा विमान जोरात आदळलं, पण वरवर काही मोडलेलं दिसत नाही. मैदानावर कुणी नव्हतं. ज्यानं बांधलं तोच मालक, तोच वैमानिक, तोच मिस्त्री. विचारणारं कोण? विमान गपचूप शेडमध्ये ढकलून दार लावता येतं. पण धक्का चाकांतून पायात, पायातून सांगाड्यात आणि सांगाड्यातून पंखाच्या मुळाशी गेलेला असतो. तिथं केसाएवढी भेग पडलेली असू शकते आणि प्रत्येक उड्डाणात ती थोडी थोडी लांबते. म्हणून जोरात आदळलेलं विमान तपासायचं असतं. चाकांचे पाय वाकले का, इंजिनाचा आधार ताणला का, पत्र्यावर कुठं सुरकुती आली का, रिबिटी सैल झाल्या का, एकेक जागा बघायची. आणि नोंदवहीत तारीख घालून लिहायचं की अमुक दिवशी आदळलो, हे तपासलं, हे बदललं. पाच वर्षांनी ते विमान दुसरा कुणी विकत घेतो. मालक बदललेला असतो, भेग तीच असते. त्या माणसाच्या हातात फक्त ती वही असते. (आई-बाबांनो, घरात कधी सायकल किंवा स्कूटर आपटली, तर ती तपासायची अशी यादी मुलांकडूनच करून घ्या. फार बारकाईनं करतात.)

आता शंभर वर्षं पुढं. १७ डिसेंबर २००३. त्या उड्डाणाची शताब्दी साजरी करायला किटी हॉकजवळ हजारो लोक जमले होते. राइट बंधूंच्या विमानाची हुबेहूब प्रतिकृती तयार होती. पण पाऊस पडत होता आणि वारा जवळजवळ नव्हता. विमान रुळावरून धावलं, जेमतेम उठलंसं वाटलं आणि डबक्यात जाऊन बसलं!

त्याच दिवशी देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातल्या मोहावे वाळवंटात, 'स्पेसशिपवन' नावाचं लहानसं रॉकेट-विमान उडालं. ते आखलं होतं बर्ट रुटान यांनी. रुटान प्रसिद्ध झाले ते हौशी लोकांना घरी बांधता येतील अशा फोम आणि फायबरग्लासच्या विमानांमुळे. त्या दिवशी वैमानिक होते ब्रायन बिनी. रॉकेट १५ सेकंद पेटलं आणि विमानानं आवाजाचा वेग ओलांडला. सगळं झकास झालं. मग बिनी उतरायला आले, विमान धावपट्टीवर आदळलं, डाव्या चाकाचा पाय मोडला आणि विमान घसरत बाजूच्या मातीत जाऊन थांबलं. ओळखीचं वाटतंय ना? डावी बाजू, वाळवंट, सगळंच!

पुढच्या चारही रॉकेट-उड्डाणांना दुसरे वैमानिक बसले. बिनी थांबून राहिले. मग ४ ऑक्टोबर २००४ ला, एक कोटी डॉलरचं बक्षीस ठरवणाऱ्या शेवटच्या उड्डाणाला, रुटान यांच्या चमूनं पुन्हा बिनींनाच बसवलं. ते ११२ किलोमीटर उंच गेले, अवकाशाच्या सीमेपलीकडे, आणि त्याच मोहावेच्या धावपट्टीवर परत आले. विमान थांबलं तेव्हा दोन्ही चाकं जागच्या जागी होती.